जाऊबाईंचा हिरवा हात

मोठ्या साहेबांच्या मिशा हिरव्यागार चमकल्या तेव्हा हसून हसून मी दाराच्या चौकटीला टेकले होते, आणि पुढच्याच क्षणी माझं हसू पळालं. दोन्ही कामं एकाच दिव्यानं केली. ती हकिकत सांगायची तर आधी आमचं टेबल सांगावं लागेल.

वॉर्डाच्या टोकाला नर्सेसची खोली होती. खिडकीखाली टेबल, टेबलावर पांढरा पत्रा ठोकलेला. त्या टेबलावर आम्ही केमोची औषधं कालवायचो. 'कालवायचो' हा आमचाच शब्द, पुस्तकात वेगळं काही असेल. छोट्या बाटलीत पूड असायची, रबराच्या बुचातून सुईनं पाणी आत सोडायचं, बाटली हलवायची, मग औषध सिरिंजमध्ये ओढून सलाईनमध्ये घालायचं. काही औषधं सरबतासारखी लाल, काही पिवळी, बरीचशी पाण्यासारखी. ती रोग्याच्या अंगातल्या गाठीला मारतात, एवढं आम्हाला ठाऊक होतं. गाठ कुठली आणि नर्स कुठली हे औषधाला ओळखता येत नाही, हे मात्र आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चहाची किटली, बिस्किटांचा डबा आणि टेलिफोन. डोक्यावर पंखा. आणि खिडकीच्या दोरीवर वाळत घातलेले हातमोजे. तेव्हा हातमोजे एकदा घालून टाकून द्यायचे नसत. धुवायचे, पावडर लावायची, परत घालायचे. वारा आला की ते रबरी पंजे एकमेकांना टाळ्या द्यायचे. एखाद्या बोटाला भोक पडलं तर आम्ही म्हणायचो, बरं झालं, तेवढीच हवा लागेल.

या टेबलाची राणी म्हणजे माझी थोरली जाऊ. सिरिंज भरली की सुई वर धरून, टिचकी मारून, आतली हवा काढताना ती असं काही बारीक कारंजं उडवायची की शिकायला आलेल्या मुली कामं सोडून बघत राहायच्या. "हात असावा तर असा," म्हणायच्या. जाऊबाई मान तिरकी करून म्हणायची, "हात नाही ग, मनगट." ते कारंजं वर जायचं आणि पंख्याच्या वाऱ्यात कुठं विरून जायचं, ते कोण बघतंय!

होय, आम्ही दोघी जावा एकाच वॉर्डात. आमच्या लग्नाच्या वेळी लोक म्हणाले होते, दोन जावा एका चुलीपाशी नांदणं अवघड, या तर एका चुलीपाशी आणि एका वॉर्डात! पण आमचं छान जमलं. घरी ती मला 'धाकटे' म्हणायची आणि वॉर्डात 'सिस्टर'. वॉर्डात तिच्या तोंडून 'धाकटे' निघालं की सगळे रोगीसुद्धा समजायचे, आज या बाईचं काहीतरी चुकलंय.

आणि आमच्या दोघींच्या डोक्यावर मेट्रन. ती आमच्या सासूबाईंची मावसबहीण. म्हणजे घरी मावशी, इस्पितळात मॅडम. कामाला वाघीण, मनानं लोणी, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. नर्सेस तिला पाठीमागे 'दवंडी' म्हणायच्या. सकाळी मॅडमच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळी सासूबाईंच्या ओट्यावर हजर. सासूबाईंचं तोंड म्हणजे दवंडीची थोरली बहीण. तिथून ती गोष्ट खिडकीतून समोरच्या इमारतीत, जिन्यानं खाली, दूधवाल्याकडे आणि त्याच्या सायकलवरून पुढे.

पहिल्या वेळी असंच झालं होतं. मला दिवस गेले हे माझ्या नवऱ्याला नीट कळायच्या आत गल्लीला कळलं. लोकरीची टोपरी आली, पाळण्याची चौकशी झाली. मग ते काही टिकलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस बायका येऊन माझ्यासमोर बसायच्या आणि उसासे टाकायच्या. एकीनं तर हळूच विचारलं, ते टोपरं मी परत नेऊ का, माझ्या भाचीला होईल. मी तिला टोपरं दिलं, चहाही दिला आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसले. तेव्हाच ठरवलं, पुन्हा कधी असं झालं तर तीन महिने भरेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी मी जाऊबाईंना चादरींच्या कोठीत गाठलं. दार लावून घेतलं.

"जाऊबाई, एक सांगायचंय. पण सासूबाईंना कळता कामा नये. मावशींना तर मुळीच नाही."

"आणि माझ्या नवऱ्याला?"

"भाऊजींनाही नाही."

"मग तर गंमतच आहे! सांग सांग."

मी सांगितलं. ती उशांच्या अभ्र्यांच्या ढिगावर धपकन बसली आणि बाहेर आवाज जाऊ नये म्हणून एक अभ्रा तोंडात कोंबून हसली. हसता हसता रडली. मग तो अभ्रा तिनं धुवायच्या गठ्ठ्यात टाकला.

"माझ्या पोटात आहे ते तुमच्या पोटात ठेवा," मी म्हटलं.

"ठेवते की. माझ्या पोटात जागा भरपूर." बाई अंगानं भरलेली होती आणि त्याचा तिला भारी अभिमान. मग एकदम तिच्या कपाळाला आठी पडली. "धाकटे, तू आता टेबलावर बसायचं नाहीस."

"का?"

"प्रशिक्षणाला दुसऱ्या इस्पितळातल्या सिस्टर भेटल्या होत्या ना, त्यांच्याकडे गरोदर बाईला या औषधांजवळ फिरकू देत नाहीत. मी साहेबांना सांगितलं तर हसले. म्हणाले, मला तर टेबलावर काही सांडलेलं दिसत नाही."

"जाऊबाई, मग गेल्या वेळचं..."

"गेल्या वेळचं कशानं झालं ते कुणालाच सांगता यायचं नाही. त्यावर विचार करत बसू नकोस. पण या वेळी तू टेबलापासून लांब. बास."

त्या दिवसापासून माझी कालवायची पाळी आली की जाऊबाई हजर. मॅडमनं विचारलं की कारण तयार. "धाकटीला शिंका येतात." "धाकटीची बोटं सुजलीत." "धाकटीला आज नीट दिसत नाहीये." एका आठवड्यात तिनं मला इतके आजार दिले की रोगी माझी विचारपूस करायला लागले. आणि काम संपवून बाहेर आली की कोणी बघत नाही असं पाहून माझ्या पोटावर पंजा ठेवायची आणि पोटालाच विचारायची, "काय रे, कसं चाललंय?" तिचा तो रोजचा नेमच झाला. मला ते इतकं आवडायचं की तिचं काम उरकायची मी वाट बघायचे.

पण मॅडम काही दुधखुळ्या नव्हत्या. एका सकाळी सगळ्यांसमोर त्यांनी मला उभं केलं.

"सिस्टर, तुमच्या वाटचं काम तुमची जाऊ का करते? घरचं नातं घरी. येत्या सोमवारपासून कालवायचं काम तुम्ही एकट्या करायचं. महिनाभर."

"मॅडम, ती..." जाऊबाई मधे पडली.

"तुम्ही थांबा. हिला तोंड आहे. सिस्टर, काही कारण असेल तर आत्ता सांगा. नसेल तर सोमवारी टेबलावर दिसा."

कारण सांगावं तर संध्याकाळपर्यंत टोपरी विणायला घेतली जाणार. न सांगावं तर महिनाभर त्या टेबलावर. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मॅडम चष्म्यावरून बघतायत.

"काही कारण नाही मॅडम," मी म्हटलं.

त्या दुपारी जाऊबाईंच्या डोळ्यात कचरा गेला. मी आजही म्हणते, आमच्या घरावर त्या कचऱ्याचे फार उपकार आहेत. डोळा लाल करून ती खालच्या मजल्यावर डोळ्यांच्या विभागात गेली. तिथली सिस्टर आमची मैत्रीण, तिला सगळे 'डोळेवाली'च म्हणायचे. तिनं डोळ्यात पिवळं औषध घातलं आणि निळा दिवा लावून बघितलं. बुबुळावर ओरखडा असेल तर त्या उजेडात तो हिरवा चमकतो. ओरखडा काही नव्हता. पण डोळेवाली ओरडली, "अगं बाई, तुझा गाल बघ, रुमाल बघ, कान बघ! एक थेंब घातला, तर तू माखून घेतलंस सगळं!" जाऊबाईंनी आरशात पाहिलं. नाकावर, कानावर, बांगड्यांवर हिरवे काजवे. दिवा बंद केला की काही नाही. दिवा लावला की काजवे.

ती तशीच, एक डोळा मिटलेला, जिने चढून वर आली आणि मला कोठीत ओढलं.

"साहेबांना दिसत नाही ना? दाखवते!"

"काय दाखवता?"

"त्यांना जे दिसत नाही ते!"

दुसऱ्या दिवशी साहेब फेरीला आले. साहेब म्हणजे सगळ्या इस्पितळाचे मोठे डॉक्टर. भरघोस मिशा, आणि विचार करताना त्या मिशांना पीळ द्यायची सवय. जाऊबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, तुम्ही म्हणता आमच्या टेबलावर काही सांडत नाही."

"नाहीच सांडत. तुमच्या हातासारखा हात नाही सिस्टर."

"मग एकदा परीक्षा घ्या. औषधाऐवजी पाण्यात डोळ्याचं पिवळं औषध टाकून मी नेहमीसारखं कालवते. मग निळा दिवा लावू. काही दिसलं नाही तर मी हे तोंड पुन्हा उघडणार नाही."

"पुन्हा कधीच?" मॅडमनं मागून विचारलं.

"कधीच. घरीसुद्धा."

"साहेब, परीक्षा घ्याच," मॅडम म्हणाल्या.

परीक्षेचा दिवस शनिवार, दुपारचा. जाऊबाईंनी मला सकाळीच दटावून ठेवलं होतं. "तू बाहेर बसायचं. टेबलाजवळ फिरकलीस तर तंगडी तोडून हातात देईन." मी वॉर्डाच्या टेबलाशी थर्मामीटर पुसत बसले. दार उघडं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं.

आत मॅडम, साहेब, डोळेवाली आणि सुट्टी असून मुद्दाम आलेल्या चार नर्सेस. जाऊबाईंनी दोरीवरचे हातमोजे चढवले. बाटलीत ते पिवळं पाणी सोडलं. बंद बाटलीत जोरानं पाणी सोडलं की आतली हवा दाबली जाते, आणि सुई बाहेर काढताना ती फुस्सकन निघते, सोबत औषध घेऊन. हे 'फुस्स' आम्ही रोज ऐकायचो. कुकरच्या शिट्टीला कोण घाबरतं, तसं त्याला कोणी घाबरत नव्हतं. मग सिरिंज भरली, टिचकी मारली, आणि परीक्षा म्हणून की काय, जाऊबाईंनी त्या दिवशी आयुष्यातलं सगळ्यात देखणं कारंजं उडवलं.

"वा!" साहेब म्हणाले. "बघू ती बाटली." बाटली हातात घेऊन त्यांनी उजेडात धरली, मिशीला पीळ दिला आणि परत केली.

तेवढ्यात फोन वाजला. जाऊबाईंनी नेहमीसारखा मोजे काढता काढता उचलला. "मॅडम, तुमचा." मॅडमनं रिसीव्हर कानाला लावला आणि पाच मिनिटं कुणाची तरी बदली कुठं झाली ते सांगितलं. मग चहा झाला. बिस्किटांचा डबा फिरला. कोणी म्हणालं, उकडतंय, पंखा वाढवा.

चहा होताच जाऊबाई बाहेर आली. "बाहेर कोण मरतंय का बघून येते," म्हणाली. माझ्याजवळून जाताना इकडे तिकडे पाहिलं, पंजा माझ्या पोटावर ठेवला आणि पोटाला सांगितलं, "घाबरू नकोस रे. तुझी काकू बाजी मारतेय." आणि परत आत गेली. तिला त्याचं भान नव्हतं आणि मलाही नाही. रोज जेवायला बसताना पाट ओढून घेतो तेव्हा कुठं भान असतं?

मग खिडक्यांवर आणि दारावर घोंगड्या टाकल्या. दिवे मालवले, घोंगड्या उडू नयेत म्हणून पंखाही बंद केला. भर दुपारी आत मिट्ट काळोख. डोळेवालीनं निळा दिवा लावला.

मग एकजण किंचाळली.

टेबलाचा पत्रा हिरव्या शिंतोड्यांनी भरलेला. थेंब किटलीवर, किटलीच्या कानावर, पाच कपांच्या दांड्यांवर. बिस्किटांच्या डब्यात हात घालून ज्यांनी ज्यांनी बिस्किटं निवडली होती त्यांच्या बोटांच्या खुणा उरलेल्या बिस्किटांवर.

"मी यातलं खाल्लं?" एकजण म्हणाली.

"तीन खाल्लीस," दुसरी म्हणाली. "मी बघत होते."

दिवा पडद्याकडे वळला. पडद्यावर नक्षी. टेलिफोनवर अख्खा पंजा. आणि मग मॅडमवर. मॅडमचा उजवा कान असा लखलखत होता की जणू कानात पाचू घातलाय.

"काय बघता माझ्याकडे?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तुमचा कान..."

"काय झालं माझ्या कानाला?"

"काही नाही मॅडम. शोभतोय."

तेव्हा साहेब हसायला लागले, आणि ती त्यांची चूक झाली, कारण सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. अंधारात दोन हिरव्या मिशा वर खाली हलत होत्या. त्यांच्या आजूबाजूला चेहरा नव्हताच, नुसत्या मिशा हसत होत्या. नर्सेस खाली बसल्या. एकीनं दुसरीच्या खांद्यावर तोंड खुपसलं. मी आवाज ऐकून उठून दारापर्यंत आले, घोंगडीआडून डोकावले आणि चौकटीला टेकून हसायला लागले.

"दिवा लावा! दिवा लावा!" साहेब ओरडले आणि अंधारात चाचपडत त्यांनीच बटण दाबलं. ते पंख्याचं निघालं. पंखा फिरायला लागला, डोळेवालीनं दिवा वर धरला आणि छताखाली हिरव्या ठिपक्यांची कडी तयार झाली, गरगर गरगर, एकात एक. जाऊबाईंचं कारंजं तिथं जाऊन बसलं होतं. इतकी वर्षं आमच्या डोक्यावर तेच फिरत होतं. त्या वेळी मात्र आम्ही जत्रेतल्या पोरांसारख्या वर बघून टाळ्या पिटत होतो.

"धाकटी राहिली!" कोणीतरी म्हणालं. "तिलाही तपासा!"

"ती बाहेर होती, ती कोरडी ठणठणीत," जाऊबाई म्हणाली. तिच्या आवाजात तोरा होता.

मीही तोऱ्यातच आत गेले. दोन्ही हात पसरून उभी राहिले. डोळेवालीनं दिवा पायांपासून वर आणला. चपला स्वच्छ. कपड्याची किनार स्वच्छ. गुडघे स्वच्छ.

आणि पोटावर हात. नुसता डाग असता तर गोष्ट वेगळी. पण हा अख्खा हात होता, तळवा आणि पाच बोटं, फिरकीसारखी पसरलेली, आणि करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी. जाऊबाईंची करंगळी लहानपणी दारात चेंगरून वाकडी झालेली, हे सगळ्या इस्पितळाला ठाऊक होतं.

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"सिस्टर," साहेब म्हणाले, "तुम्हाला कोणी ढकललं का?"

तिथं जितक्या बायका होत्या तितक्यांना कळलं होतं. बाईच्या पोटावर बाई असा हात केव्हा ठेवते, ते मिशांना कळत नाही, बायकांना शिकवावं लागत नाही.

मी जाऊबाईंकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. स्वतःचा उजवा पंजा तोंडासमोर धरून त्याच्याकडे बघत होती. पंजा हिरवा पेटल्यासारखा दिसत होता.

मग मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त तो कान. पण डोळेवालीनं दिवा तिकडे वळवला आणि दिसलं, त्यांचं तोंड उघडं होतं. एवढं मोठं उघडलेलं आणि तरीही रिकामं असं ते तोंड मी पहिल्यांदाच बघत होते. आतून काय बाहेर पडतंय याची वाट बघत आम्ही सगळ्या उभ्या. माझे तीन महिने, माझी गल्ली, ती टोपरी, सगळं त्या उघड्या तोंडाच्या दारात अडकलेलं.

तोंड मिटलं. परत उघडलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "साहेब, या टेबलाचं काय करायचं ते आज ठरवा."

"हो, पण हा हात कसा काय..."

"हाताचं राहू द्या. मिशांचं काय ते बोला. घरी जाऊन पोरांचे पापे घेणार ना याच मिशांनी?"

साहेबांनी मिशीला हात लावायला उचलला, आणि अर्ध्यातूनच खाली नेला.

"आजपासून," मॅडम म्हणाल्या, "जी नर्स म्हणेल की मी कालवायला बसत नाही, ती बसणार नाही. का, ते तिला विचारायचं नाही. कोणीही नाही. मीसुद्धा नाही."

"तुम्हीसुद्धा?" अंधारातून एक आवाज आला.

"कोण बोललं ते?"

कोणी बोललं नव्हतं. मॅडम पुढं म्हणाल्या, "आणि या खोलीत आज जे दिसलं ते या खोलीतच राहील. बाहेर गेलं तर मी समजेन की मीच बोलले, आणि मग माझी मीच बदली करून घेईन."

दिवे लागल्यावर मला जाऊबाई दिसली नाही. ती हात धुवायच्या नळाशी होती. साबण कोपरापर्यंत लावलेला, पाणी वाहतंय, आणि ती घासतेय. एकदा धुतले, परत साबण. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"रोज, धाकटे," ती म्हणाली. "रोज ठेवत होते ग."

"आज नुसतं पाणी होतं जाऊबाई."

"काल नव्हतं."

मी नळ बंद केला. तिनं तो परत सोडला.

"तुला टेबलापासून लांब ठेवलं," ती म्हणाली, "आणि टेबलच उचलून तुझ्या पोटावर आणून ठेवत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे."

आता ही वेळ हसायची होती का? पण ते 'हात दाखवून' ऐकलं आणि मला मघाचा तो पेटलेला पंजा आठवला, साहेबांचं 'कोणी ढकललं का' आठवलं, आणि मला फस्सकन हसू फुटलं. तिनं रागानं बघितलं. मग तिच्या नाकपुड्या हलल्या. मग आम्ही दोघी त्या नळापाशी एकमेकींना धरून, ओल्याचिंब हातांनी, इतक्या हसलो की आतून एक रोगी ओरडला, "सिस्टर, आम्हाला पण सांगा की!"

सोमवारी मी टेबलावर बसले नाही. कोणीच बसलं नाही, कारण टेबल तिथं नव्हतं. कालवायचं काम चादरींच्या कोठीत गेलं, चादरी बाहेर. तिथं पंखा नाही, किटली नाही, दार बंद. नवे हातमोजे आले, एकावर एक दोन घालायचे आणि काम झालं की टाकून द्यायचे. मागून बांधायचा लांब झगा आला, डोळ्यांना चष्मा, तोंडाला जाड मास्क. काही महिन्यांनी काचेचं मोठं कपाट आलं. त्याच्या फटीतून आत हात घालून कालवायचं, म्हणजे आतली हवा तोंडावर येत नाही. त्या वेषात कोण कोण आहे ते ओळखू यायचं नाही. साहेब एकदा मॅडमना 'अगं मुली' म्हणाले आणि त्या महिनाभर खूश होत्या.

जाऊबाईंनी कारंजं सोडून दिलं. बाटलीतून औषध ओढताना आधी थोडी हवा ओढून घ्यायची, म्हणजे 'फुस्स' होत नाही, हे ती पुन्हा पहिलीतल्या मुलीसारखी शिकली. शिकायला आलेल्या मुली आता कंटाळून जांभया द्यायच्या. "बघण्यासारखं काही राहिलं नाही," त्या म्हणायच्या. "तेच तर," जाऊबाई म्हणायची.

पण माझ्या पोटाला मात्र तिनं हात लावला नाही. कितीही धुतले तरी नाही. घरी मला काही द्यायचं तर ओट्यावर ठेवायची आणि बाजूला व्हायची. मी डॉक्टरीणबाईंकडे तपासून आले, सगळं नीट होतं, तसं सांगितलंही. "बरं झालं," म्हणाली आणि हात पदराखाली घेतले.

आणि मॅडमचे हाल काय सांगू! इतकी मोठी बातमी पोटात, आणि बाहेर काढायची बंदी. पूर्वी त्या रोज संध्याकाळी आमच्याकडे यायच्या, आता क्वचितच यायला लागल्या. आल्या की ओठ घट्ट मिटून, तोंडात सुपारी धरून बसायच्या. सासूबाई विचारायच्या, "काय नवीन?" मॅडम मान हलवायच्या. "तुमच्या इस्पितळात काहीच घडत नाही हल्ली?" मान आडवी. एकदा सासूबाई मला म्हणाल्या, "माझ्या बहिणीला काहीतरी झालंय ग. दाढ दुखतेय की डोकं फिरलंय? तू नर्स आहेस, जरा बघ ना." मी पोळी तव्यावर करपवली.

तीन महिने भरले त्या रविवारी मीच मॅडमना बोलावणं धाडलं. त्या आल्या, सुपारी तोंडात. सासूबाई मटार सोलत होत्या. जाऊबाई दाराशी उभी.

"सासूबाई," मी म्हटलं, "मला दिवस गेलेत. तीन महिने झाले."

मटार जमिनीवर. सासूबाईंनी माझं तोंड कुरवाळलं, कानशिलावर बोटं मोडली, रडल्या. मग एकदम थांबल्या आणि मावसबहिणीकडे वळल्या. मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. डोळे मोठे, गाल फुगलेले, परीक्षेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारख्या.

"तुला माहीत होतं?" सासूबाई म्हणाल्या.

मॅडमनं सुपारी थुंकली. "होतं."

"केव्हापासून?"

"कितीतरी दिवसांपासून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? तू? मला?"

"नाही सांगितलं!" मॅडम गरजल्या. "विचार या पोरींना! एक शब्द नाही! झोपेतसुद्धा बोलू नये म्हणून तोंडाला फडकं बांधून झोपत होते!"

सासूबाईंना यावर काय बोलावं कळेना. दोघी एकमेकींकडे आ वासून बघत राहिल्या. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि लहान मुलीसारखं विचारलं, "आता तरी सांगू का ग कुणाला?"

"सांगा," मी म्हटलं.

त्या गुडघ्याचं दुखणं विसरून खिडकीशी धावल्या. मॅडम त्यांच्या मागे. "अहो, ऐकलंत का!" अशी जोडीनं हाक समोरच्या इमारतीवर जाऊन आदळली आणि धडाधड खिडक्या उघडल्या.

मी मागे वळून पाहिलं तर जाऊबाई दाराशी नव्हती. मोरीत पाण्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, बाह्या कोपरापर्यंत वर, हातांवरून पाणी निथळतंय. माझ्यासमोर उभी राहिली आणि जेवायच्या आधी आईला हात दाखवतात तसे दोन्ही पंजे पुढं केले. आधी तळवे, मग पालथे.

"दिवा आणू का निळा?" मी म्हटलं.

"गप ग." मीच तिचा हात धरला आणि पोटावर ठेवला. थंडगार, ओला हात. आत माझी लेक होती, काजवी. हे नाव डोळेवालीनं तेव्हाच ठेवून टाकलं होतं, आणि आता काजवीचे केस पिकायला लागले तरी ते सुटलेलं नाही.

"काय ग," जाऊबाई पोटाला म्हणाली, "कसं चाललंय?"

तिनं हात उचलला तेव्हा कपड्यावर पाण्याचा पंजा उमटला होता, करंगळी वाकडी. आम्ही दोघी बघत असतानाच तो वाळून गेला. सासूबाई अजून खिडकीतच होत्या.